तिला सांग, त्याला सांग

आज सकाळी स्टेशनसमोर स्पार्गेलची टपरी लागली. दर वर्षी एप्रिलच्या मध्यावर ती अशीच अचानक उगवते. हिरव्या पट्ट्यांचं लाकडी खोकं, आत जाड स्वेटर घातलेली बाई, आणि पुढ्यात ओल्या फडक्याखाली झाकलेल्या पांढऱ्या कोंबांच्या जुड्या. स्पार्गेल म्हणजे आपल्या शतावरीच्या कुळातली भाजी, पण मातीखालीच वाढवून ऊन न दाखवता काढलेली. एरवी जर्मन माणूस भाजीवर चार वाक्यंही बोलणार नाही. या दोन महिन्यांत मात्र लिफ्टमधला अनोळखी गृहस्थसुद्धा यंदाचा स्पार्गेल कसा आहे यावर स्वतःहून मत देतो. जून संपत आला की टपरी जाते, आणि कुणी तिची आठवणही काढत नाही.

मी अर्धा किलो घेतला. घरी सोलायला बसले तर मुक्ता, माझी लेक, नाक मुरडून म्हणाली, "मामा, शोन वीडर स्पार्गेल?" म्हणजे, पुन्हा स्पार्गेलच का? तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. आणि आईला ती 'मामा' म्हणते, त्यामुळे पुण्यात गेलो की माझा भाऊ उगाच दर वेळी वळून बघतो.

साल काढताना ओल्या मातीचा, थोडा कच्च्या मटारसारखा वास येतो. तो वास आला की मला हमखास गवताचं एक मैदान आठवतं. विश्वचषक जर्मनीत व्हायच्या आधीच्या वर्षी, मुक्ताच्या जन्माच्याही आधी, आप्पा आमच्याकडे आले होते तो वसंत.

आप्पा म्हणजे माझे सासरे. कोल्हापूरचे. उभी हयात फाउंड्रीत काढलेली, शेवटी फोरमन होऊन निवृत्त झालेले. तरुणपणी पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघात सेंटर हाफ खेळलेले. तीन महिन्यांच्या व्हिसावर ते आले तेव्हा आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत ते माझ्याशी थेट एक वाक्यही बोलले नव्हते.

भांडण नव्हतं, बरं का. आवाज चढला नाही की अबोला जाहीर झाला नाही. झालं एवढंच होतं की लग्न होताहोताच फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नमध्ये नोकरी मिळाली ती मला, आणि संदीप, माझा नवरा, माझ्या मागोमाग आला. आप्पांनी त्याच्यासाठी कोल्हापूरच्या घरावर दुसरा मजला चढवला होता. मजला तसाच राहिला. तेव्हापासून माझ्याशी बोलायचं झालं की ते संदीपमार्फत बोलत. मी समोर बसलेली असले तरी. "तिला सांग, चहात साखर नको." "तिला सांग, आईनं भाजणी पाठवली आहे." फोन मी उचलला तर "संदीप आहे का?" एवढंच, तेही हवेला विचारल्यासारखं. सासूबाई हसून सोडून देत. म्हणत, "अगं, ते असेच. बिडाचं ओतकाम, निवायला वेळ लागतो." मला हसू यायचं नाही. मला ते मनातून फार लागायचं. त्यांनी मला एकदा रागावून का होईना, पण 'अगं' म्हणावं, असं मला वाटे.

त्या वर्षी सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी मागे राहिल्या आणि आप्पा एकटेच आले. संदीप दूर झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात. सोमवारी पहाटेच्या गाडीनं जाणार, शुक्रवारी संध्याकाळी येणार. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस घरात आम्ही दोघंच, आणि मध्ये निरोप न्यायला कुणीही नाही!

मराठी भाषा किती सोयीची आहे हे मला त्या पंधरवड्यात कळलं. आप्पांनी वाक्यातून माणूसच काढून टाकला. "दूध संपलेलं दिसतंय." "जेवायला बसायला हरकत नाही." "आज गॅलरीचं दार उघडं राहिलेलं होतं." कुणी कुणाला म्हटलं याचा पत्ता लागायचा नाही. मी पहिल्यांदा स्पार्गेल आणला तेव्हा त्यांनी एक कोंब उचलून, फिरवून पाहिला आणि फ्रीजला उद्देशून म्हणाले, "शेवग्याच्या शेंगा सोलून ठेवल्यात वाटतं." मी त्याची दाण्याचं कूट घालून भाजी केली. जेवण झाल्यावर ताटाकडे बघत निकाल आला, "वाईट नाही. मीठ कमी पडलंय." मी आपली "हो, आप्पा" म्हणायची. मग ते खिडकीत जाऊन बसायचे आणि समोरची बस किती मिनिटांनी येते ते घड्याळात बघत राहायचे.

त्यांना एकटं ठेवून संध्याकाळी बाहेर जाणं जिवावर यायचं, म्हणून मी त्यांना आमच्या फुटबॉलच्या प्रॅक्टिसला घेऊन गेले.

आमच्या ऑफिसपार्कमधल्या हौशी संघांची दर वसंतात एक बाद पद्धतीची स्पर्धा व्हायची. सात जणांचा संघ, छोटं मैदान, हरला तो घरी. कुणीही नाव द्यावं. बँकवाले, विमावाले, जवळच्या बेकरीतले भट्टीवाले, ट्रामच्या वर्कशॉपमधले. जर्मनमध्ये अशा चषकाला 'पोकाल' म्हणतात. निखिल नावाचा आमचा एक खेळाडू विद्यापीठात पीएचडी करत होता, तो म्हणायचा, "आल्झो, म्हणजे बघा, नावातच पोकळ आहे, तर जिंकून तरी हाताला काय लागणार?" आमच्या संघात निखिल आणि त्याचे तीन मित्र, माझ्या ऑफिसातले दोघं, शनिवार-रविवारी संदीप, आणि गोलमध्ये डेव्ह. मी खेळत नव्हते. मला जर्मन सगळ्यांत चांगलं येतं असा माझा समज होता, म्हणून पत्रव्यवहार आणि फोनाफोनी माझ्याकडे होती.

डेव्ह माझा प्रोजेक्ट मॅनेजर. पेनसिल्व्हेनियाचा अमेरिकन, पन्नाशीला टेकलेला, गोलच्या निम्म्या रुंदीचा. त्याचे आजोबा जर्मनीतून तिकडे पोलादाच्या कारखान्यात कामाला गेलेले. ज्या कपाबद्दल अमेरिकेत फारसं कुणाला माहीत नसतं, त्याच्याबद्दल डेव्हला सगळं माहीत होतं. फुटबॉलचा कप, नव्वद वर्षं जुना, आणि सगळ्यांना खुला. दुपारच्या जेवणात सूप निवेपर्यंत तो त्यातले किस्से सांगायचा, आणि आम्ही 'हो का' करत आपापला डबा संपवायचो.

त्या संध्याकाळी मैदानाच्या कडेला मी दोघांची ओळख करून दिली. डेव्हनं आप्पांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सवयीनं सुरू झाला. माझ्या देशात एक कप आहे, त्यात गिरणीकामगारांचा संघसुद्धा बड्या व्यावसायिक संघासमोर उभा राहू शकतो. मी भाषांतर केलं. आप्पांनी ऐकून घेतलं, गवताकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले,

"त्याला सांग, त्यात नवल काय? आमच्या पेठेत हेच चालतं. गवंडी, सुतार, फाउंड्रीवाले. समोर कोण हाय ते बघायचं न्हाई, बॉल बघायचा."

मी इंग्रजीत सांगू लागले आणि निम्म्यात माझी जीभ अडली. त्याला सांग. कुणाला म्हणाले? इथे दुसरं कुणी नव्हतंच. चार वर्षं मी 'तिला सांग'मधली ती होते. आज त्याच 'सांग'च्या अलीकडच्या बाजूला मी उभी होते. एवढं साधं क्रियापद, पण मला वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

त्यानंतरच्या संध्याकाळी आठवतात त्या अशा. प्रकाश नऊपर्यंत रेंगाळायचा. मैदानाच्या कुंपणाला जांभळ्या लायलॅकची झाडं होती, ती सगळी एकदम फुलली. ऑफिसं सुटल्यावर एस-बानच्या लोकल गाड्या भरून फ्रँकफर्टकडे जायच्या आणि त्यांचा आवाज ओसरला की पक्षी ऐकू यायचे. बाकावर डाव्या हाताला आप्पा, उजव्या हाताला डेव्ह, मध्ये मी. त्या बाकावर मी जेवढं बोलले तेवढं लग्नानंतर सासरी एकूण मिळून बोलले नसेन.

डेव्ह त्याच्या आजोबांच्या काळचा पोलाद कारखान्याचा संघ सांगायचा. त्यानं तो कप वर्षामागून वर्ष कसा नेला ते सांगायचा. आप्पा म्हणायचे, "त्याला विचार, फायनलच्या दिवशी कारखाना बंद असायचा का?" डेव्हला माहीत नसायचं. तो दुसऱ्या दिवशी वडिलांना फोन करून यायचा आणि सांगायचा, बंद नसायचा, पण आजोबा पाळी बदलून घ्यायचे. आप्पा मान हलवायचे. "त्याला सांग, माझ्या लग्नाची तारीख फायनल बघून धरलेली. भटजींनी दुसरा मुहूर्त काढला होता. तालमीनं मोडला."

न्यूयॉर्कमधल्या ग्रीक लोकांच्या संघानं ओळीनं तीन वर्षं तो कप जिंकला होता, हा डेव्हचा लाडका किस्सा. आणि ब्रुकलिनमधल्या जर्मन आणि हंगेरियन मंडळींचाही असा संघ होता, तोही एकदा जिंकून गेला. घर सोडून आलेली माणसं दिवसभर काम करून संध्याकाळी चेंडू घेऊन जमायची. आप्पांनी हे ऐकताना पायाशी आलेला चेंडू परत ढकलला. मग म्हणाले, "त्याला विचार, त्यांचे आईबाप बघायला यायचे का?" डेव्ह म्हणाला, बहुतेकांचे समुद्रापलीकडेच राहिले. मी भाषांतर केलं, पण ते वाक्य सांगताना मी आप्पांकडे पाहिलं नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वीच खालच्या दर्जाच्या एका संघानं वरच्या लीगमधले संघ एकापाठोपाठ एक हरवून कप नेला होता. डेव्ह ते सांगताना बाकावरून उठून हातवारे करायचा. त्यावर आप्पांनी जे म्हटलं ते मी अजून विसरलेले नाही. "त्याला सांग, लीग म्हणजे संसार. वर्षभर ओढायचा. कप म्हणजे जत्रा. जत्रेत पाळण्यात बसायला गरीब-श्रीमंत बघत न्हाईत." डेव्हनं ते कागदावर लिहून घेतलं.

अर्थात सगळंच असं भाषांतर करण्याजोगं नसायचं. निखिल चेंडूची वाट बघत उभा राहिला की आप्पा ओरडायचे, "अरे म्हशीगत रवंथ करत उभारलास व्हय? बॉल काय बोलवणं धाडणार हाय?" आणि डेव्ह गोलमध्ये उशिरा वाकला की, "त्याला सांग, एवढं पोट घेऊन खाली जायचं तर दुपारीच निघायला पाहिजे." मी डेव्हला सांगायची, आप्पा म्हणतात, थोडं आधी वाक. डेव्ह गंभीरपणे मान डोलवायचा, पण त्याच्या मिशीखाली काहीतरी हलायचं. मला वाटायचं, बिचारा मनाला लावून घेतोय.

पहिला सामना आम्ही विमावाल्यांशी जिंकलो. कसा ते विचारू नये. चेंडू निखिलच्या पाठीवर आपटून आत गेला आणि तो पाठमोराच असल्यामुळे आनंद करायला त्याला सगळ्यात उशीर झाला. दुसरा सामना ट्रामच्या वर्कशॉपवाल्यांशी. त्याची वेळ ठरवायला मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, शनिवारी, 'हाल्ब फिअर'. मी मोठ्या झोकात "गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हटलं आणि सगळ्यांना कळवलं, शनिवारी साडेचार.

ज्याला जर्मन येतं त्यानं आत्ताच कपाळाला हात लावला असेल. हाल्ब म्हणजे अर्धा, फिअर म्हणजे चार. आपल्या मनात आपोआप बसतं, साडे अधिक चार, साडेचार. पण जर्मन माणूस चाराकडे जाणारा अर्धा तास मोजतो. त्याचे ते साडेतीन असतात. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं, परीक्षेत मार्कही मिळाले होते. पण मराठी डोक्याच्या तळाशी बसलेली असते, आणि घाईत तीच आधी वर येते.

पावणेचारला आम्ही रमतगमत पोचलो. हातात पोह्यांचा डबा, निखिलच्या पायात सपाता. वर्कशॉपचा संघ पंधरा मिनिटांपासून रांगेत उभा होता. पंच घड्याळ बघत होते. त्यांनी मला शांतपणे सांगितलं की नियमानं आणखी एका मिनिटानं सामना समोरच्यांना दिला जाईल.

सगळी माझ्याकडे बघायला लागली. संदीप म्हणाला, "अगं, तुला एवढंसुद्धा..." मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात आप्पा पुढे आले. "काय झालं?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी दोन्ही भाषांचा हिशोब मनातल्या मनात जुळवला आणि संदीपवरच डाफरले, "मग तिचं काय चुकलं? साडे म्हणजे साडे. चुकतंय ते ह्यांचंच!" मग माझ्याकडे वळून, "ह्या सायबाला सांग, आमचा अर्धा पुढं जातो, तुमचा मागं येतो. भांडण एकाच तासाचं हाय. खेळू द्या."

मी ते जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं, एक शब्दही मऊ न करता. पंचांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, पण वर्कशॉपचा कप्तान खो-खो हसला. तो म्हणाला की त्याच्या बायकोनं सामन्यानंतरसाठी केक केलाय, खेळलोच नाही तर तो कुठल्या तोंडानं खायचा. आम्ही अंगात ऊब न आणता तसेच उतरलो, निखिल उसन्या बुटांत. आणि दोन-एकनं जिंकलो! केकही खाल्ला, पोहेही खाऊ घातले. कप्तानानं मिरची चावली आणि त्याचे डोळे भरून आले, पण त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतले.

उपांत्य फेरीत बेकरीवाले. ते भल्या पहाटे भट्टीवर जातात, दुपारी त्यांना पेंग येत असणार, असा आमचा अंदाज. साफ चुकला. आमच्यावर सहा गोल झाले. शेवटी शेवटी डेव्हनं वैतागून गोलमधून एक उंच किक मारली. समोरचा गोलकीपर कोपऱ्यात बाटलीतलं पाणी पीत होता. चेंडू एक टप्पा घेऊन आत! सहा-एक. आम्ही डेव्हला उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. डेव्ह आता पेनसिल्व्हेनियात असतो. तिकडच्या कपात एखाद्या चिमुकल्या संघानं मोठ्याला लोळवलं की त्याची ईमेल येते. पण त्याच्या लेखी कपाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण हाच आहे. ते मैदान आता नाही, तिथे गाड्यांचं बहुमजली पार्किंग आहे. मी कधीकधी तिथेच गाडी लावते.

त्या दिवशी सगळे पांगल्यावर संदीप जाळ्या गुंडाळत होता आणि आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. डेव्हनं विचारलं, आता घरची आठवण येत असेल ना? मी आप्पांना विचारलं.  ते समोर बघत, एकेक वाक्य तोडून बोलले, मला भाषांतर करता यावं म्हणून.

"त्याला सांग, घरी एक मजला रिकामा हाय. त्याचा मला राग होता." मी सांगितलं.

"त्याला सांग, मला वाटायचं, पोराला कुणी पळवून नेलं." मी सांगितलं. माझा आवाज मला परका वाटत होता.

"त्याला सांग, इथं येऊन बघितलं. कुणी पळवलं न्हाई. पोरगी सकाळी जाते, दमून येते, आणि आल्याबरोबर माझ्यासाठी भाकरी थापते. मी तिला कधी बस म्हटलं न्हाई. सांग त्याला."

'द गर्ल' म्हणून मी स्वतःबद्दलच इंग्रजीत सांगत होते. शेवटचं वाक्य पूर्ण झालं नाही. डेव्हनं ते मागितलंही नाही. आप्पा उठले आणि संदीपला जाळी नीट गुंडाळता येत नाही म्हणून ओरडायला निघून गेले.

घरी मात्र पुन्हा तेच. "पाणी तापलेलं दिसतंय." "कुकरच्या शिट्ट्या झालेल्या आहेत." मी मनाशी म्हटलं, असू दे. बाकावर जेवढं मिळालं तेवढं पुष्कळ आहे.

जूनच्या अखेरीस ते गेले. विमानतळावर डेव्हही आला होता. आप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, संदीपच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्यापाशी क्षणभर थांबले, बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि आत गेले. संदीप गाडी काढायला गेला. डेव्ह आणि मी काचेशी उभे होतो.

"आता सांगायला हरकत नाही," डेव्ह म्हणाला. "ते आत जाईपर्यंत बोलायचं नाही असं ठरलं होतं. आप्पांना इंग्रजी येतं."

"यस-नो येत असेल," मी म्हटलं.

"चांगलं येतं. त्यांच्या फाउंड्रीत इंग्लंडहून मशीन आलं होतं. ते बसवायला आलेल्या इंजिनियरबरोबर सहा महिने हेच होते. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. चार वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत याचा मी हिशोब ठेवला होता. चहा हवा का यापलीकडे मीही त्यांना काही विचारलं नव्हतं, याचा ठेवला नव्हता.

"पहिल्याच दिवशी तू जरा लांब गेलीस, तेव्हा मला म्हणाले, सून जवळ असली की मला इंग्रजी येत नाही, लक्षात ठेव. तू तिच्याशी बोल, म्हणजे मला तिच्याशी बोलता येईल."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि त्याच वेळी डेव्हच्या पोटावरचं ते वाक्य आठवून हसूही आलं. आप्पांनी नंतर ते त्याला स्वतःच इंग्रजीत ऐकवलं असणार, आणि मिशीखाली हलायचं ते हसूच असणार! डेव्ह गोंधळला. रुमाल शोधत म्हणाला, "मला वाटलं, तुमच्याकडची पद्धत असेल. सासऱ्याला सुनेशी मनातलं बोलायचं तर मध्ये एक माणूस लागतो."

"हो," मी म्हटलं, "आमच्याकडे पद्धतच आहे तशी."